लाकूड शिकवायचं कुणी? सिव्हिल आणि आर्किटेक्चरच्या पोरांसाठी एक प्रयोग (जळगाव-धुळे-नंदुरबारकरांनो या)

खण_मोजणारा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज परीक्षेच्या सुपरव्हिजनमधून सुटलो म्हणून बसलो. मी जळगाव जिल्ह्यात एका कॉलेजात शिकवतो, नाव नको. आमच्याकडे सिव्हिलही आहे आणि आर्किटेक्चरही, दोन बिल्डिंगच्या मधे एक कँटीन आहे आणि दोन्हीकडची पोरं फक्त तिथेच भेटतात, तेही वडापाव संपेपर्यंत.

तर झालं असं की मागच्या ऑगस्टमध्ये मी हौसेनं पोरांकडून लाकडाची एक छोटी कैची (छप्पर पेलणारी त्रिकोणी चौकट) करून घेतली, बारा फुटांचा गाळा, छप्पर वगैरे काही नाही, नुसती उभी करून दाखवायची. बजेट नव्हतं म्हणून एका शेतकऱ्याकडून निलगिरी आणली, तोडून आठ दिवससुद्धा झाले नव्हते, कापताना करवतीला पाणी लागत होतं अक्षरशः. पोरांनी बोल्ट पान्यानं असे आवळले की वॉशर लाकडात रुतले, नारळ फुटला, फोटो निघाले, सगळे खूश.

मे महिन्यात मी सहज तिकडून जात होतो. ऊन तुम्हाला माहितीच आहे, पंचेचाळीसच्या पुढे. सोबतच्या पोरानं चाळा म्हणून नटला हात लावला तर नट दोन बोटांनी फिरला. पाना नाही काही नाही. वॉशर आणि लाकूड यांच्यात पेन्सिलचं टोक जाईल एवढी फट, चार इंची वाशाची जाडी एका बाजूनं ३-४ मिमीनं कमी भरली, आणि दोन जोडांत बोल्टच्या भोकापासून टोकापर्यंत सरळ चीर. मी तिथेच उन्हात उभा राहिलो बराच वेळ.

चूक माझीच आहे, पोरांची नाही. मी बीई केलं, एमटेक केलं, आणि लाकडावरचा माझा एकूण अभ्यास म्हणजे पहिल्या वर्षाला ‘सागाचे उपयोग लिहा’, मार्क पाच. स्टील शिकवायला दोन सेमिस्टर, काँक्रीटला तीन, लाकूड धड्याच्या शेवटी. आता दिवाळीनंतर दहा दिवसांचा वर्ग घ्यायचा विचार आहे, दोन्हीकडची पोरं एकत्र बसवून. काय शिकवू, कुणाकडून शिकवू, लाकूड कुठून आणू? मनमोकळं सांगा, टोमणेही चालतील.

धुळे_सिव्हिल:

सर टोमणा एकच, नारळ फोडायच्या आधी मॉइश्चर मीटर लावायचा होता :)

आता सिरियसली. लाकडाचं गणित अवघड नाहीये, उलट काँक्रीटपेक्षा सरळ आहे. आयएस ८८३ काढा, लाकडी बांधकामाच्या डिझाईनचं भारतीय मानक, २०१६ ची सुधारित आवृत्ती आहे, आणि नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ६ मध्ये लाकूड आणि बांबूचं वेगळं सेक्शन आहे. त्यात पोरांना एक गोष्ट नक्की दाखवा, वजन किती काळ बसणार यावर लाकडाला किती ताण चालेल ते बदलतं. कायमचं वजन असेल तर गुणक १, वारा किंवा भूकंप असेल तर १.३३, एकदम आदळणारं असेल तर २. म्हणजे जे लाकूड वर्षानुवर्षं धान्याची पोती धरून थकतं तेच वादळाचा एक झटका आरामात खातं. हे स्टीलवाल्या डोक्याला पटकन शिरत नाही.

आणि तुमच्या चिरेचं कारण नुसतं ओलं लाकूड नाही. बोल्ट टोकाच्या फार जवळ मारला असणार. ओढ असलेल्या जोडात टोकापासून बोल्टच्या व्यासाच्या पाच ते सात पट अंतर सोडायचं असतं, कठीण लाकडाला पाच, मऊला सात. मोजून सांगा.

खण_मोजणारा:

मोजलं. १२ चा बोल्ट, अंतर ३५ मिमी. तीन पटसुद्धा नाही. गप्प बसतो.

रंधा_शिरपूर:

सर मी तुमच्या पोरांच्या वयाचाच आहे पण कॉलेज सोडलंय, आमचं घर पिढीजात सुतारकीचं. तुमची पोस्ट आबाला (आजोबा, ८० च्या पुढे) वाचून दाखवली तर ते हसले आणि म्हणे, “वली निलगिरी अन बोल्ट? त्यानापेक्षा दोरी बांधी देता.” मग बराच वेळ काही बोलले नाही आणि मग म्हणे त्या सरला सांग राग नको मानू.

आबाचं म्हणणं असं की आधी लाकूड वखारीतून आणून सावलीत थर लावून ठेवायचं, दोन थरांमधे पट्ट्या घालायच्या म्हणजे वारा फिरतो, उन्हात टाकलं की टोकाकडून फाटतं म्हणून टोकांना शेण नाहीतर डांबर लावायचे. आपल्याकडची हवा म्हणजे मे मधे पापडासारखी कोरडी आणि ऑगस्टमधे ओली चिंब, तर लाकूड वर्षातून एकदा आकसणार एकदा फुगणारच, दरवाजा पावसाळ्यात अडकतो तो त्याच्यामुळेच ना. म्हणून जुने सुतार दाराच्या फळ्या चौकटीच्या खाचेत नुसत्या बसवायचे, चारी बाजूनं ठोकून टाकायचे नाहीत, फळीला हलायला जागा ठेवायची. तुमच्या बोल्टनं ती जागाच ठेवली नाही.

पाटणादेवी:

मी आर्किटेक्ट आहे, चाळीसगावची, प्रॅक्टिस नाशिकला. रंधा भाऊ तुमच्या आबांना नमस्कार सांगा, त्यांनी दोन ओळीत जे सांगितलं ते मला पाच वर्षांत कुणी सांगितलं नाही.

आमच्या कॉलेजची सहल दरवर्षी अजिंठ्याला जायची. सगळे चित्रं बघतात, सेल्फी काढतात, वर कुणी बघत नाही. १९ नंबर आणि २६ नंबरच्या चैत्यगृहात छताला दगडात कोरलेल्या कमानी वाशांच्या रांगा आहेत. दगडाला वाशांची काही गरज नाही हो, अखंड डोंगर आहे वर! पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यासमोर लाकडाचं सभागृह होतं म्हणून त्यांनी दगडातही वासे कोरले. कार्ल्याला तर खऱ्या लाकडाच्या कमानी अजून छताला आहेत, दोन हजार वर्षांच्या आसपासच्या. माझं म्हणणं, पहिला दिवस वर्गात घालवू नका, पोरांना अजिंठ्यात जमिनीवर पाठ टेकवून झोपवा आणि वरचं छत ड्रॉ करायला लावा. भुसावळ-जळगावहून तासा-दोन तासाचा रस्ता आहे.

दुसरं म्हणजे धाब्याची घरं, सपाट मातीच्या छताची. पाडली जातायत धडाधड. त्याआधी एकतरी मोजून घ्या.

खण_मोजणारा:

ताई हे अगदी मनातलं. आमच्या गावी आमचंच धाबं होतं, पाच खणी. उथळ्यावर (पायाचा दगड) खांब, खांबावर हस्त (तुळईखालचा आडवा तुकडा), हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाट (कड्या आणि फळ्या) आणि वर मातीचा थर. दर पावसाळ्याआधी गळतं म्हणून अजून माती टाकायची. मी पोरांना एक गणित घालणार आहे. फूटभर मातीचा थर धरा, एका चौरस मीटरवर साधारण ५०० किलो येतात. पाच इंची आरसीसी स्लॅबचं स्वतःचं वजन ३०० किलोच्या थोडं वर. म्हणजे आजोबांच्या डोक्यावर स्लॅबपेक्षा जड छत होतं आणि ते सागाच्या खांबांनी पिढ्यानपिढ्या धरलं. पण हेही सांगणार की दगड-मातीच्या जाड भिंती आणि असलं जड छत अंगावर आल्यामुळेच किल्लारीला १९९३ च्या भूकंपात माणसं गेली. जुनं म्हणजे सगळं सोनं असं मला शिकवायचं नाहीये.

केळीवाला_रावेर:

सगळं वाचलं. छान चाललंय तुमचं. पण सातपुडा बघितला का कधी वरून? आमच्या लहानपणी पालच्या रस्त्याला दिवसा अंधार असायचा, आता उजेडच उजेड. आणि तुम्ही पोरांना लाकडाची घरं बांधायला शिकवणार. शाश्वत म्हणे! झाड तोडून कसलं शाश्वत. लोखंड-सिमेंटनं निदान झाड तरी वाचतं.

धुळे_सिव्हिल:

दादा झाड वाचतं पण डोंगर जातो ना. चुनखडी कुठून येते, भट्टी कशावर चालते.

सातपुडा७८:

मी वनखात्यातून निवृत्त झालेलो आहे, म्हणून दोन शब्द. केळीवाल्या दादांचं दुखणं खरं आहे, ते उडवून लावू नका. पण जंगल जातं ते चोरटी तोड, अतिक्रमण, आग आणि चराईनं. डिसेंबर १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाचा आदेश आला तेव्हापासून कार्य आयोजनेशिवाय (जंगलाच्या मंजूर आराखड्याशिवाय) जंगलात तोड करता येत नाही. स्वतःच्या शेतातलं झाडसुद्धा १९६४ च्या कायद्यानं परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्याच्या यादीत साग आहे, खैर आहे, मोह आहे, आपला अंजनही आहे. बांबू मात्र शेतात लावलेला असेल तर मोकळा, २०१७ मध्ये त्याला वनकायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून काढलं.

आता दुसरी बाजू. शेतकऱ्याला बांधावरच्या झाडाचा भाव मिळाला तर तो झाड लावेल. मिळाला नाही तर तो बांधच कोरून टाकेल. साग तोडल्यावर खोडातून परत फुटतो, हे अर्ध्या शिकलेल्या लोकांना माहीत नसतं. मास्तर, तुमच्या वर्गात एक दिवस पोरांना उभ्या झाडाजवळ न्या, वखारीत नको. घेर मोजू द्या, उंची काढू द्या, आणि मग विचारा यातून सरळ तुळई किती फूट निघेल. बहुतेकांचा अंदाज दुप्पट चुकतो. माझाही सुरुवातीला चुकायचा.

केळीवाला_रावेर:

बरं. बांबूचं पटलं. केळीच्या घडाला टेकू म्हणून आम्ही दरवर्षी गाड्याच्या गाड्या बांबू आणतो, एक-दोन हंगामात खालून सडतो. तो टिकवायचं पण शिकवा मग.

पाटणादेवी:

दादा घरात वापरायच्या बांबूला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून ठेवतात, मग उधई आणि भुंगा लागत नाही. पण ते पावसात धुऊन जातं, आणि तुमचा टेकू तर ओल्या मातीत उभा असतो. जमिनीत गाडलेल्या लाकडाचा शत्रू म्हणजे मातीच्या पातळीवरचा तो एक वीतभर पट्टा, तिथे ओल पण असते आणि हवा पण. म्हणूनच वाड्यात खांब कधी जमिनीत पुरत नाहीत, दगडी उथळ्यावर ठेवतात. हे मी पोरांना अर्धा तास समजावून सांगण्यापेक्षा तुमच्या बागेतला सडलेला बांबू कापून दाखवीन. पाठवता का दोन-चार?

केळीवाला_रावेर:

ट्रॅक्टर भरून न्या.

वखार_भुसावळ:

इथे आमचा उल्लेख आला म्हणून लिहितो. आमची तिसरी पिढी. सर लोकांना वाटतं वखारीत गेलं की सातपुड्याचा साग मिळतो. भाऊ आज माझ्याकडे जो साग आहे त्यातला बराचसा घाना आणि नायजेरियाहून बोटीनं कांडल्याला उतरतो आणि तिथून ट्रकनं येतो. बल्लारशाचा पण येतो पण त्याचा भाव ऐकून गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. म्हणजे तुमचं ते पर्यावरणाचं गणित करताना बोटीचं डिझेल पण धरा.

पोरांना माझ्याकडे पाठवा, मी फुकट एक दिवस देईन. पण वखारीत आलं की इंजिनिअर पोरगं विचारतं “स्ट्रेंथ किती” आणि आर्किटेक्ट पोरगी विचारते “ग्रेन छान आहे का”. गाठ कुठे आहे हे कुणी विचारत नाही. तुळईच्या मधोमध खालच्या कडेला गाठ असेल तर मी तो नग तुळईला देतच नाही, खुंटीला देतो. आणि जुने रेल्वेचे स्लीपर अजून लोक शोधत येतात, भुसावळ म्हणून. त्यांना सांगतो बाबा त्यात क्रिओसोट, म्हणजे लाकूड सडू नये म्हणून वापरायचं विषारी डांबरी तेल, मुरलेलं आहे, घरात झोपायच्या खोलीत लावू नको. ऐकत नाहीत.

उत्तरध्रुव:

मी अमळनेरचा, सध्या हेलसिंकीत. धागा वाचून राहवलं नाही. इथल्या आल्टो विद्यापीठात लाकडाचा स्वतंत्र वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, आर्किटेक्ट, इंजिनिअर सगळे एकाच वर्कशॉपमधे असतात आणि स्वतः डिझाईन केलेली एक वस्तू खरोखर बांधून दाखवतात. इथल्या प्राणिसंग्रहालयाच्या बेटावर कुप्ला नावाचा बुडबुड्यासारखा बघायचा मनोरा आहे, २००२ चा, दहा मीटर उंच, ७२ पट्ट्या वाकवून आणि ६०० च्या वर बोल्टचे जोड मारून केलेला. विद्यार्थ्याच्या डिझाईनचा. समुद्रकाठच्या बर्फात उभा आहे इतकी वर्षं. म्हणजे सर बोल्टची काही चूक नाही हं :)

इकडे आता थरावर थर आडवे-उभे चिकटवलेल्या मोठ्या फळ्यांच्या, सीएलटीच्या, इमारती उठतायत. ते तंत्र १९९० च्या दशकात ऑस्ट्रिया-जर्मनीत वाढलं. नॉर्वेत म्योस्तोर्नेट म्हणून १८ मजली, ८५ मीटरची आहे, २०१९ ची. अमेरिकेत मिलवॉकीला २५ मजल्यांची झाली २०२२ मध्ये.

सेम_सहा:

सर मी तुमच्याच कॉलेजची (कोण ते ओळखू नका). आम्हाला सेमिनारला हेच सीएलटी टॉवर दिले होते, सगळ्यांनी तेच फोटो लावले. पण आपल्याकडे तर आग लागली की पहिलं लाकूडच जळतं ना? शनिवारवाडा जळलाच ना.

धुळे_सिव्हिल:

चांगला प्रश्न आहे. जळला, १८२८ मध्ये. पण बारीक काडी आणि जाड तुळई यात फरक आहे. जाड लाकडाला आग लागली की बाहेरून कोळसा होत जातो, पाइनसारख्या लाकडात मिनिटाला साधारण ०.६५ ते ०.७ मिमी, म्हणजे तासाभरात चाळीसेक मिमी. तो कोळसाच आतल्या लाकडाला गरमीपासून वाचवतो. म्हणून डिझाईन करताना जळून जाणारा थर आधीच जास्तीचा धरतात. स्टीलला असा कोट नसतो, उघडं स्टील साडेपाचशे-सहाशे डिग्रीच्या आसपास निम्मी ताकद घालवून बसतं आणि लोंबतं. पण म्हणून लाकूड आगीला भीत नाही असं लिहू नकोस पेपरात. जिने, दारं, स्प्रिंकलर, पडदे, सगळ्यावर ते अवलंबून आहे.

खण_मोजणारा:

उत्तरध्रुव भाऊ, फोटो सुंदर असतील पण मला हीच भीती आहे. आमची पोरं फिनलंडच्या पाइनचा टॉवर स्लाईडवर दाखवणार आणि स्वतःच्या घरचा कडीपाट भंगारात जाताना गाडीत बसून बघणार. आमच्या गल्लीत परवाच एक वाडा पाडला. ठेकेदारानं नक्षीचा दरवाजा मुंबईच्या गाडीत घातला आणि बाकीच्या तुळया, चांगल्या आठ-नऊ इंची, मधून नुसत्या वाजवल्या तरी खणखणीत, त्या जळणाला विकल्या. वाळलेल्या लाकडाच्या वजनात निम्मा कार्बन असतो. म्हणजे घनमीटरभर सागात टनभर कार्बन डायऑक्साइड बांधलेला बसला होता, तो शंभर वर्षं घरात होता आणि आता दोन दिवसात धूर. शाश्वत शाश्वत म्हणतो तर आधी हे शिकवावं, की निघालेली तुळई परत कशी वापरायची, तिची भोकं कुठे आहेत, कुठून कापायची.

रंधा_शिरपूर:

सर जुन्या लाकडात खिळे असतात, रंध्याची धार जाते. आबा चुंबक फिरवून बघतात आधी.

सातपुडा७८:

हे चुंबकाचं अभ्यासक्रमात घाला मास्तर.

वखार_भुसावळ:

पण भाऊ शेवटी प्रश्न उरतोच, शिकून काम कोण देणार? गिऱ्हाईकाला स्लॅब पाहिजे. वरून मजला चढवायचा असतो पोराच्या लग्नात.

पाटणादेवी:

खरं आहे. पण सरकारी कामाचं दार थोडं उघडलंय. केंद्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यानं १९९३ पासून आपल्या कामात लाकूड बंद ठेवलं होतं, ते २०२० मध्ये उठवलं. मधली सत्तावीस वर्षं एक अख्खी पिढी लाकडाशिवाय तयार झाली, म्हणून आज टेंडर निघालं तरी डिटेल काढणारं कुणी नाही. मी स्वतः मागच्या वर्षी एका फार्महाऊसला लाकडी व्हरांडा डिझाईन केला तर स्ट्रक्चरल इंजिनिअर सापडेना, ज्याला विचारावं तो म्हणतो मॅडम स्टीलचा आयसेक्शन टाका ना आणि वरून लाकूड चिकटवा. आता काय बोलायचं.

म्हणून सर, दोघांना एकत्र बसवायची तुमची कल्पना सोडू नका. जोड्या लावा, एक आर्किटेक्चरचं पोर एक सिव्हिलचं, आणि दोघांना मिळून एकच जोड करायला द्या. पूर्ण मापाचा. मॉडेल नको, मॉडेलचं ते हलकं बालसा लाकूड नको, त्या काडीला गाठ नसते.

खण_मोजणारा:

ठरलं असं समजा. पहिला दिवस अजिंठा. मग वखार, मग रावेरचा सडका बांबू (ट्रॅक्टर नको दादा, चार पुरेत). मधले पाच दिवस जोड, कुसू आणि खोबण (एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत), जुन्या वाड्याच्या तुळईतून, तो ठेकेदार अजून दोन नग द्यायला तयार आहे. शेवटी वाळूच्या गोण्या टांगून मोडेपर्यंत भार द्यायचा आणि मोडल्यावर कुठून मोडलं ते काढून दाखवायचं. आणि मोडकी निलगिरीची कैची तशीच ठेवणार, दारासमोर. रंधा भाऊ, आबा येतील का? जाण्यायेण्याची गाडी कॉलेजची, मानधन मी बोलून ठेवतो.

रंधा_शिरपूर:

विचारलं सर. येतील म्हणताहेत. अटी सांगितल्या, जशाच्या तशा लिहितो, “पोरेस्ना मोबाईल बाहेर ठेवाले सांग. पहिला दिन फक्त पटाशीले धार लावानी, लाकूडले हात नै. अन मना चहामा साखर नको.”

धुळे_सिव्हिल:

मला पण विद्यार्थी म्हणून घ्या. सुट्टी टाकतो.

सेम_सहा:

सर धार लावायचा दगड कॉलेज देणार की आपण घरून आणायचा? आणि मार्क आहेत का याला?